शेवटच्या शुक्रवारची जमीन

कोल्हा नव्हताच. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या क्लबात कोल्ह्याची शिकार चालते असं म्हटलं की पुण्याचे नातेवाईक माझ्याकडे असे बघायचे, जणू बंदूक मीच चालवते. गोणपाटाचा एक तुकडा बडीशेपेच्या तेलात भिजवायचा, आमच्या प्रमुख बाईच्या नवऱ्यानं तो चार चाकी क्वाड बाईकच्या मागे बांधून वाळवंटात चार-पाच मैल फरफटत न्यायचा, मग त्या वासावर कुत्री सोडायची आणि कुत्र्यांमागे वीसेक गोऱ्या माणसांनी घोड्यांवरून पळायचं. एवढीच ती शिकार. शेवटी सगळ्यांनी चहा-सँडविच खायचे आणि काहीतरी पकडल्यासारखे चेहरे करून घरी जायचं. बडीशेपेच्या तेलाचा डबा माझ्या कपाटात असायचा, त्यामुळे माझ्या फायलींना, पर्सला आणि कधीकधी माझ्या पोळीभाजीलासुद्धा तो वास यायचा.

नव्वदच्या दशकाच्या मधली ती वर्षं. आम्ही दुबईजवळ अजमानला राहायचो आणि मी तिथून अर्ध्या तासावर, वाळवंटात असलेल्या त्या घोड्यांच्या क्लबात ऑफिस सांभाळायची. ऑफिस म्हणजे एक पोर्टा केबिन, एक खडखडणारा एसी आणि एक फोन. नोव्हेंबर ते मार्च सीझन. दर गुरुवारी दुपारी माझं एकच काम असायचं: उद्या शिकार आहे की नाही, हे वीस-बावीस मेंबरांना फोन करून कळवणं. आणि आहे की नाही हे ठरायचं जमिनीवरून.

या जमिनीनं माझ्या नाकीनऊ आणले होते. मास्टर म्हणजे शिकारीची प्रमुख, आणि आमची मास्टर एक उंच इंग्रज बाई होती. तिच्या गावी हिवाळ्यात जमीन गोठते. जमीन गोठली की शिकार बंद, कारण वरून टणक दिसणाऱ्या मातीत घोड्याचा पाय कसा पडेल याचा नेम नसतो. हे तिनं मला किमान पन्नास वेळा सांगितलं असेल. रात्री थंडी पडली की तिचे वडील पहाटे उठून शेतात बुटाची टाच दाबून यायचे, आणि टाच रुतली नाही की घरात आठवडाभर सगळ्यांची तोंडं लांब व्हायची. या देशात हिमच पडत नाही, म्हणून ती इथे सुखी होती. आता माझी शिकार कुणी बंद करू शकत नाही, असं ती हसत म्हणायची. मी मान डोलवायची आणि पुढच्या मेंबराचा नंबर फिरवायची.

तिला रोखणारा एकच माणूस होता, क्लबातले आमचे मामा; नात्यानं नव्हे, सगळेच त्यांना मामा म्हणायचे. सांगलीकडचे, पन्नाशी ओलांडलेले. जमिनीची सगळी देखभाल त्यांच्याकडे. रिंगणातली वाळू उकरणं, पाणी मारणं, आणि गुरुवारी सकाळी शिकारीच्या वाटेवर जाऊन जमीन बघणं. मास्टरबाई टाच दाबून बघायची, मामा पहार टाकायचे. खांद्याइतकी उंच धरायची, सोडून द्यायची, आवाज ऐकायचा, किती आत गेली ते बोटांनी मोजायचं. मग मूठभर माती उचलून दाबायची. त्यांच्या घरची अर्धी जमीन उसाला पाणी देऊन देऊन चोपण झाली होती, म्हणजे खारवून कडक झालेली, पीक न देणारी. त्यामुळे खारट जमीन कशी वागते हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नव्हतं. मास्टरबाईला ते सुरुवातीला थेट "नो गुड" असं सांगायचे. ती विचारायची, व्हाय? पुढचं इंग्रजी मामांकडे नव्हतं, आणि कारणाशिवाय ती बाई काही मान्य करायची नाही. शेवटी मामा माझ्याकडे यायला लागले. ते मराठीत सांगायचे, मी इंग्रजीत. दोन्हीकडचा ताप माझ्या डोक्याला.

आता माझी मुलगी. ही गोष्ट घडली तेव्हा ती बारा वर्षांची होती. तिकडे शाळांना गुरुवार-शुक्रवार सुट्टी, नवरा शारजात कामावर, म्हणून मी तिला क्लबात घेऊन यायची. तिथे ती घोड्यांना चिकटली ती चिकटलीच. क्लबात एक म्हातारी करडी घोडी होती, कधीकाळी शर्यतीत पळालेली. दुपारी रिकामी असली की मामा पोरीला तिच्यावर बसवायचे आणि लगाम धरून फिरवायचे. दोन वर्षांत पोरगी चांगली बसायला लागली. त्या घोडीला मामांच्या हातच्या लसूणघासाशिवाय काही गोड लागायचं नाही, आणि माझ्या मुलीला त्या घोडीशिवाय. मराठीशी मात्र तिचं वैर होतं. मी मराठीत विचारायचं, तिनं इंग्रजीत उत्तर द्यायचं. जेवलीस का? येस. कुठे ठेवलंस? देअर. माझं आयुष्य या येस आणि देअरवर चाललं होतं. भारतात सुट्टीला गेलो की सासूबाई म्हणायच्या, हिला काही कळत नाही का ग, आणि मी शरमेनं मेल्यासारखी व्हायची.

त्या वर्षी आम्ही ठरवलं होतं की एप्रिलमध्ये तिला पुण्याला पाठवायचं, माझ्या बहिणीकडे, पुढच्या शाळेसाठी. मास्टरबाईला हे कळलं तेव्हा तिनं पोरीला शब्द दिला की जायच्या आधी एकदा तूही शिकारीला चल, घोडी घेऊन सगळ्यात मागे राहा. पोरगी आनंदानं वेडी झाली. पहिल्यांदा ठरलं तेव्हा धुकं पडलं आणि शिकार बंद. दुसऱ्यांदा घोडीचा नाल निघाला. तिसरी आणि शेवटची संधी म्हणजे मार्चमधला, सीझनचाच शेवटचा शुक्रवार. त्या आठवड्यात सोमवारी पाऊस पडला.

तिथला पाऊस म्हणजे दोन तासांचा गोंधळ. रस्ते भरले, शाळा सोडल्या, आमच्या केबिनमध्ये बादल्या लागल्या. मंगळवारपासून कोरडा गरम वारा सुटला. बुधवारी सगळं सपाट मैदान पांढरं, गुळगुळीत, सुरेख दिसत होतं.

गुरुवारी अकरा वाजता मामा पहार घेऊनच केबिनच्या दारात आले. पोरगी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून लगामाची पितळी कडी पुसत होती.

"ताई, उद्याच्याला सपाटीवर घोडी घालू नगा," मामा म्हणाले. "वरनं मिठाचा पापुद्रा धरलाय चार बोटं, आन् खाली नुसता गाळ हाय. पहार वाजली आन् मग हातभर आत गेली. पाय फोडून आत गेला की शीर तुटती. एक बी घोडं नगं. बाईस्नी नीट सांगा."

सांगते, मी म्हटलं. मामा गेले. पाच मिनिटांत मास्टरबाईचा दुबईच्या ऑफिसातून फोन. जमीन कशी आहे?

मी पोरीकडे बघितलं. ती मान खाली घालून कडी पुसतच होती. आदल्या रात्री तिनं बूट उशाशी ठेवले होते, तेही दुसऱ्या कुणाचे, दोन नंबर मोठे, पुढे कापूस कोंबलेले. मला तेव्हा काय काय वाटलं ते सगळं मी आता सजवून सांगणार नाही. मला मामांचा राग आला, एवढं खरं. दर वेळी यांचं काहीतरी. पाऊस आला तरी नको, वारा आला तरी नको. तीन दिवस कडक ऊन पडलंय, खालीही वाळलं असेल की.

मी म्हटलं, "ही सेज इट्स अ लिटल हार्ड ऑन टॉप. बट ओके."

बाईनं आभार मानले. मी बावीस फोन केले.

आणखी एक सांगायला हवं. तुमच्या गावच्या गोठलेल्या जमिनीसारखीच झालीय, एवढं एकच वाक्य मी म्हटलं असतं तरी ती बाई जागच्या जागी थांबली असती. तिच्याइतकं हे समजणारं त्या अख्ख्या देशात कुणी नव्हतं. ते वाक्य मला सुचलं होतं.

शुक्रवारी सकाळी सातला घोड्यांवर खोगिरं चढायला लागली तशी मामा धावत माझ्याकडे आले. सांगितलं न्हवं बाईस्नी, त्यांनी विचारलं. अजूनही वेळ होता. मास्टरबाई वीस पावलांवर हातमोजे चढवत उभी होती. सांगितलं, मी म्हटलं, पण ती कुणाचं ऐकते का? मामांनी तिच्याकडे असं बघितलं की माझीच मान खाली गेली. मग ते घोडीपाशी गेले, तिच्या मानेवरून हात फिरवला आणि पोरीला म्हणाले, "बाळ, कडंकडंनं चल. वाळूवरनं. पांढऱ्यात जाऊ नगंस." पोरीनं मान हलवली.

ती वाळूवरूनच गेली, हे नंतर सगळ्यांनी सांगितलं. पण कुत्र्यांनी वास धरला, पुढचे घोडे सुटले, आणि शर्यतीत पळालेल्या जनावराला बारा वर्षांचे हात काय आवरणार? घोडी पांढऱ्यात शिरली. शंभर पावलं नीट गेली. मग पुढचा डावा पाय गुडघ्यापर्यंत आत.

पोरगी खाली पडली, कोपर खरचटलं, बाकी काही नाही. ती घोडीला हातानं धरून चालवत आणत होती आणि घोडी तीन पायांवर. दीड मैल यायला त्यांना तासाहून जास्त लागला. मामा अर्ध्या वाटेत त्यांना जाऊन मिळाले. घोड्यांचे डॉक्टर म्हणाले, पायाची शीर, टेंडन म्हणतात ती, गेली, आता हिच्या पाठीवर पुन्हा कुणी बसायचं नाही. पुढच्या आठवड्यात अल ऐनकडच्या एका मळ्यावर तिची रवानगी झाली. ट्रेलरमध्ये चढताना मामांनी तिचा पाय स्वतः उचलून फळीवर ठेवला.

मास्टरबाईनं मला विचारलं, त्यानं थोडी कडक एवढंच सांगितलं होतं ना? हो म्हटलं. ती म्हणाली, त्याला सांग, यापुढे स्पष्ट बोलत जा. हे मी अर्थातच सांगितलं नाही. आणि मामांनी पहार टाकायचं सोडून दिलं. पुढच्या सीझनला मी विचारलं तेव्हा म्हणाले, कशाला, सांगून कोण ऐकतंय? गुरुवारी ते नुसते दारात येऊन "ठीक हाय" म्हणून जायचे. बाई मामांवर चिडलेली, मामा बाईवर चिडलेले, आणि मधे मी, जिला चिडायचा हक्कच उरला नव्हता. तरी मी चिडायची. बाईच्या टाचेवर, मामांच्या ठीक हायवर, त्या बडीशेपेच्या वासावर. दोन वर्षांनी नोकरी सोडली. मामाही पुढे गावी परतले.

मुलगी पुण्याला शिकली आणि परत इकडेच नोकरीला आली. या गोष्टीला तेव्हा दहाएक वर्षं झाली होती. दुबई मरीना नुकतीच उभी राहत होती, तिथल्या एका उंच इमारतीत तिचं ऑफिस. एका दुपारी तिनं मला जेवायला बोलावलं. खाली पाण्याच्या कडेनं फरसबंदीचं काम चाललं होतं, कामगार काँक्रीटवर पाणी मारत होते. मी म्हटलं, बघ, मामा इथे असते तर पहार टाकून बघितली असती. सहज म्हटलं.

ती जेवायची थांबली.

"आई, आय हर्ड हिम दॅट डे," ती म्हणाली. "'अ लिटल हार्ड', यू सेड. मामा नेव्हर सेड लिटल."

मला आधी कळेचना. मग कळलं. स्टूल, लगाम, पितळी कडी. मी विचारलं, तुला समजलं होतं? ती म्हणाली, एव्हरी वर्ड. मी म्हटलं, मग तेव्हा बोलली का नाहीस?

"मला जायचं होतं," ती म्हणाली. मराठीत. "तुला माहीत होतं मला जायचं होतं. म्हणून मी गप्प बसले. घोडीला आणताना सगळा वेळ मी तिला सॉरी म्हणत होते."

हिला मराठी येत नाही म्हणून मी इतकी वर्षं चारचौघांत कपाळ बडवून घेतलं होतं. आणि ज्या दिवशी तिला एक अक्षर कळलं नसतं तर बरं झालं असतं, त्या दिवशी तिला सगळं कळलं होतं. बारा वर्षांच्या मुलीनं माझं खोटं उचलून पुण्याला नेलं आणि तसंच परत आणलं. मला तिचा इतका राग आला, आणि लगेच माझा, की समोरची डाळ तशीच थंड झाली.

मामांचा नंबर माझ्याकडे होता. दिवाळीला फोन व्हायचा. मुलगी म्हणाली, आत्ता कर. मी म्हटलं, घरी जाऊन करते. तिनं स्वतःचा मोबाईल काढला, नंबर माझ्याकडून घेतला, लावला आणि माझ्या हातात दिला.

मामांनी आधी पोरीची चौकशी केली, मग आमच्या यांची, मग इकडच्या पावसाची. मी मधेच तोडलं आणि सांगून टाकलं. बाईला तुमचं म्हणणं मी सांगितलंच नव्हतं. तिनं तुमचं ऐकलं असतं. माझ्या पोरीला घोड्यावर बसायचं होतं म्हणून मी खोटं बोलले.

 पलीकडे कुठेतरी पाण्याचा पंप चालू असलेला ऐकू येत होता.

"म्हंजी दहा वर्सं मी त्या बाईलाच शिव्या घालतोय व्हय, ताई," मामा म्हणाले. "गावात सगळ्यास्नी सांगितलंय, तिनं माझी घोडी लंगडी केली म्हणून."



"आता तिला कोन सांगनार?" त्यांनी विचारलं. "माझं इंग्रजी तर तुमीच हुता."