शांघायच्या बागेत स्थळकाकू

स्थळकाकू अमेरिकेत, आमच्या प्लेनो गावात कुणाच्याही घरी गेल्या की आधी मुलाची उंची विचारत, मग नाव. आमच्या मराठी मंडळींत त्यांनी सव्वीस लग्नं जुळवली होती. पर्समध्ये बायोडेटांची जाड फाइल कायम असे. "पत्रिका नंतर बघू, आधी मुलाची आई स्वयंपाकघरात कशी बोलते ते ऐकून येते," असं त्या म्हणत.

त्यांचा स्वतःचा मुलगा समीर मात्र अडतीस वर्षांचा होऊन सिअ‍ॅटलला एकटा राहत होता. घरी आला की काकू त्याच्यापुढे फोटो मांडत. कंटाळून त्यानं येणंच बंद केलं, त्याला तीन वर्षं झाली होती. "त्याला सुट्टी मिळत नाही," असं काकू सांगायच्या. आम्ही मान डोलवायचो.

२००६ साली ऑफिसनं मला आठवडाभर शांघायला पाठवलं. "खोली तुझ्या ऑफिसची, तिकीट माझं," म्हणत काकूही निघाल्या. रविवारी शहरातल्या मोठ्या बागेत गेलो. त्यांना बाकावर बसवून मी पाणी आणायला गेले. परत येते तो बाक रिकामा.

काकूंना मधुमेह. जेवणाची वेळ टळलेली, जवळ फोन नाही, हॉटेलचं कार्ड माझ्याकडे. मी तळ्याभोवती दोन चकरा मारल्या. संथपणे हात फिरवत व्यायाम करणाऱ्या म्हाताऱ्यांच्या रांगांतून घुसले. पहारेकऱ्याला हातवारे करून साडी नेसून दाखवली. तास गेला. समीरला फोन करून काय सांगायचं, याची वाक्यं मी जुळवायला लागले होते.

मग एका गर्दीत साडी दिसली. दोऱ्यांवर, झुडपांवर चिमट्यांनी लावलेले शेकडो कागद, आणि त्यांच्यापुढे आपापल्या मुलांची स्थळं घेऊन बसलेले आईबाप! मधोमध काकू, एका चिनी बाईशेजारी स्टुलावर, तिनं दिलेलं केळं खात.

"काकू, जीव गेला माझा! सांगून तरी जायचं!"

"ओरडू नकोस. मला सगळं वाचता येतंय इथलं. हे जन्मसाल, ही उंची, मीटरमध्ये."

"चला आता."

"थांब गं. हिची मुलगी एकोणचाळीसची. मी समीरचा फोटो दाखवला, बोटांनी अडतीस सांगितलं. हिनं नुसता माझा हात दाबला." काकूंनी सभोवार पाहिलं. "एवढे कागद, एवढे आईबाप. आणि मुलं बघ. एकसुद्धा आलेलं नाही."

हॉटेलवर जाऊन त्यांनी माझ्यासमोरच फोन लावला. "समीर, दिवाळीला ये. फोटो नाहीत. विषयसुद्धा नाही."

तो आला. चार दिवस राहिला. काकूंनी शब्द पाळला, हे मी स्वतः पाहिलं, नाहीतर विश्वास ठेवला नसता. पुढे तो दर दिवाळीला येऊ लागला, एकटाच.

२०१० मध्ये काकूंनी प्लेनोचं घर विकलं. मी त्यांना विमानतळावर सोडायला गेले.

"सिअ‍ॅटलला करमेल का तुम्हाला?" मी विचारलं.

"न करमायला काय झालं?" काकू म्हणाल्या. "त्यानंच बोलावलंय."