दिगूसाठी उघडं दार

आमच्या घराचं दार कुणी वाजवलं की सुलोचना आतून एकच विचारायची, "कोण ते आधी सांगा." माझी सख्खी भावजय दारात उभी राहून "अगं, मीच की" म्हणायची, तरी ही कडी काढायची नाही. "मीच म्हणजे कोण? नाव सांगा." नाव सांगितलं की कडी निघायची आणि मग चुलीवर काय चढेल त्याला धरबंध नसायचा. पाटोद्याच्या टेलिफोन ऑफिसात तिनं उभी हयात ऑपरेटरकी केली. तिथली ही खोड घरात आली ती कायमची.

सुलोचना माझी बायको. जिवंत होती तोवर मी तिला नावानं हाक मारली नाही, आमच्याकडं तशी रीत नाही. आता मारतो, तर ओ द्यायला ती नाही.

मी चौथी शिकलेला, पिठाची गिरणी चालवणारा माणूस. ती बारावी झालेली आणि हौशी रेडिओवाली. त्याचा सरकारी परवाना होता तिच्याकडं, आणि कॉल साइन होतं, म्हणजे अक्षरं-आकडे मिळून हवेतलं नाव. गच्चीपासून लिंबाच्या झाडापर्यंत तिनं आवाज पकडायला तांब्याची तार ओढली होती. गल्लीतल्या बाया त्या तारेवर गोधड्या वाळत घालायच्या. ही खालून म्हणायची, "माय, जपानचा माणूस बोलतोय, तेवढी गोधडी काढ की." रेडिओच्या खरखरीत मला काही ऐकू येत नाही म्हणून मला टोमणा ठरलेला, "तुमच्या कानात गिरणीचं पीठ गेलंय. देव बोलला तरी तुमाला कळायचं न्हाई."

तिचा धाकटा भाऊ दिगंबर. आम्ही सगळे दिगूच म्हणायचो. लहानपणी हिनंच त्याला ताटलीवर चमचा वाजवून रेडिओची कडकट्ट, म्हणजे टकटक करून अक्षरं कळवायची भाषा, शिकवली. पुढं तो नगरला नोकरीला लागला, तिथं त्यानं क्लस्टर चालू केलं. क्लस्टर म्हणजे काय, ते हिनं मला असं सांगितलं: कुणाला रेडिओवर लांबचा आवाज ऐकू आला की तो लगेच चावडीवर येऊन सांगतो, आणि त्या चावडीवरून बातमी जगातल्या सगळ्या चावड्यांवर जाते. चावडी म्हणजे एक कॉम्प्युटर. दिगूची चावडी मोठी, हिची बारकी. हिच्याकडं जे यायचं ते दिगूकडूनच यायचं.

पण त्यात एक गोम होती. आमच्या इंटरनेटच्या लाइनला बाहेरून पत्ताच नव्हता. आतून बाहेर जाता यायचं, बाहेरून कुणाला आत येता यायचं नाही. म्हणून दर खेपेला हिच्याच मशीननं दिगूच्या मशीनकडं जायचं. वीज गेली, तार तुटली, की पुन्हा हीच जाणार. दिगू तर दिवाळीलाही येत नव्हता. नगर ते पाटोदा एसटीनं तीन तासांची वाट, तरी भाऊबीजेला फोनवर म्हणायचा, "अक्का, रोज नेटवर भेटतोच की."

एक दिवस ही तव्यावरची भाकरी उलटता उलटता म्हणाली, "मीच का म्हणून जायचं हो दर बारीला? भावानं बहिणीकडं यायचं असतं." आणि खरंच केबलवाल्याच्या मागं लागून तिनं कायमचा पत्ता मिळवला. मग मशीनमध्ये लिहिलं की दिगूचं कॉल साइन आलं तर आत घ्यायचं, आणि साधा माणूस म्हणून नाही, बरोबरीची चावडी म्हणून घ्यायचं. भिंतीवरच्या राउटरच्या डब्याला सांगितलं की ह्या नंबरच्या दारावर बाहेरून कोण आलं तर त्याला माझ्या मशीनकडं धाड. दिगूला फोन करून म्हणाली, आता तुझ्या बाजूनं जोड, मी फक्त उघडं ठेवते. त्यानं जोडलं. पडद्यावर त्याचं नाव आपण होऊन आलं, तेव्हा तिनं अख्ख्या गल्लीत पेढे वाटले. विचारणाऱ्याला सांगायची, माझा भाऊ आला.

त्या दिवाळीला ती दारात रांगोळी काढून बसली. दिगू आला नाही. तिनं फोन लावला आणि जे बोलायचं ते बोलली. मशीनमध्ये येतोस, घरात यायला तुझे पाय मोडतात का, असं. त्यानंही उलट सुनावलं. दुसऱ्या दिवशी दुपारी वीज गेली, बराच वेळ गेली. आली तेव्हा तिचा पडदा कोरा होता. दिगू आलेला नव्हता. आणि तो येईना.

तिनं वाट पाहिली. मी म्हणालो, फोन कर. ती म्हणाली, "दार मी उघडून ठेवलंय. आता बोलवायला पण मीच जाऊ?" दार खरंच उघडं आहे का, ते तिनं तपासलं. पलंगावर बसून आपल्या मोबाइलवरून मशीनमध्ये शिरली, तर झटक्यात शिरता आलं. "बघा. काहीच अडचण न्हाई. मशीन खोटं बोलत न्हाई, माणूस बोलतो."

शेवटी मीच दिगूला फोन केला. तो चिडून म्हणाला, "दाजी, माझं मशीन दिवसभर तिकडं जातंय. अक्काच मला आत घेत न्हाई. नकार येतोय रोज." हे मी तिला सांगितलं. ती हसली, वाईट हसली. "मी उघड्या दारात बसलेय आन तो म्हणतो नकार येतोय. खोटारडा." मी कुणाचं खरं मानायचं? दोघंही मशीनची शपथ घेत होते. मोबाइल दोघांच्या हातात होते, पण बहीणभावातला एकजण नंबर लावील तर शप्पथ.

थंडी सरता सरता तिच्या छातीत पाणी झालं. बीडला नेलं, आणलं, परत नेलं. घरी असली की खाट मशीनसमोर ओढून घ्यायची. वीज गेली तर बंद पडू नये म्हणून इन्व्हर्टर बसवायला लावला. एकदा म्हणाली, "त्यानं एकदा यावं. बोलला न्हाई तरी चालंल. नाव दिसलं की बास झालं." दिगूला तिच्या आजाराचं मी सांगितलं होतं. तो म्हणाला, आधी तिनं मला आत घ्यावं, मग येतो. ऐन उन्हाळ्यात ती गेली.

मातीला दिगू आला. लई रडला. मी त्याच्याकडं बघितलं नाही.

राख सावडून आलो त्या सकाळी तो तिच्या मशीनसमोर बसला. मी भिंतीला टेकून होतो. थोड्या वेळानं त्याचा आवाज आला, "दाजी, तिनं मला काढलं न्हवतं हो. माझं नाव हाय इथं. पहिलंच." मग आपल्या मोबाइलवर घरचं नेट बंद करून त्यानं बाहेरून यायचा प्रयत्न केला. नकार. तो उठला, राउटरच्या डब्यातल्या नोंदी उघडून बघत बसला.

मग त्यानं मला समजावलं. हा डबा घरातल्या प्रत्येक यंत्राला एक नंबर देतो. सुलोचनानं आपल्या मशीनचा नंबर दाराला जोडला होता, पण तो पक्का करायचं राहिलं होतं. वीज जाऊन आली तेव्हा घरातला नेटवाला टीव्ही आधी जागा झाला आणि डब्यानं तो नंबर टीव्हीला देऊन टाकला. बाहेरून येणारा दिगू टीव्हीच्या दारात जाऊन परत फिरत होता. ही घरातूनच तपासत होती, म्हणून तिला सरळ वाट दिसत होती. दोघंही खरं बोलत होते.

त्यानं नंबर बदलला. मला पुढ्यातला चहा संपवायलाही त्याहून जास्त वेळ लागला. पडद्यावर त्याचं नाव आलं आणि मागोमाग ओळी धावायला लागल्या, कुठल्या कुठल्या देशांतल्या.

"नगरमधून हे दिसलंच नसतं, दाजी," तो डोळे पुसत म्हणाला. "इथं येऊनच कळणार होतं."

"मग यायचं होतंस की बे," मी म्हणालो.

तो उठला आणि टीव्हीची वायर उपटून हातात घेऊन उभा राहिला. मी त्याला ती खाली ठेव म्हणालो नाही.