बिनऔषधाची मेथी

मंडळी, दुपारपासून जीव थाऱ्यावर नाही.

परसातल्या मेथीवर मावा पडला होता. औषध नको म्हणून सकाळी निंबोळीचा अर्क फवारला. पंप चुलतदिरांचा. दुपारी ते पंप न्यायला आले, तेव्हा सहज विचारलं, "भाऊजी, धुतलेला व्हता ना?"

"न्हाई वहिनी. काल कांद्याला औषध मारून तसाच ठिवला व्हता."

तोवर सासूबाईंनी त्यातलीच जुडी शेजारच्या बाळंतिणीला दिली होती. बिनऔषधाची म्हणून ती आमचीच मेथी खाते.

मी पळत गेले. तिची आई म्हणाली, "जेवली की. भाजी लई कडू लागली म्हनली."

त्यांना पंपाचं सांगितलं. तिला दवाखान्यात नेलंय.

निंबोळी कडूच असते, असं मनाला समजावतेय. पण कांद्याचं औषध कडू लागतं का, कुणाला माहीत आहे?