अंगचोर

आमच्या मांडवीच्या घरात ताईला एक शब्द चिकटला होता, अंगचोर. रहाटाने दोनेक कळशा पाणी काढलं की ती विहिरीच्या कठड्यावर टेकायची. पिंढऱ्या थरथरायच्या, ओठ पांढरे पडायचे. मागीलदारातून आईचा आवाज यायचा, "टेकलीस? अंगचोर कुठली." अंगात बळ असून जो कामाला लावत नाही तो अंगचोर. मला त्या शब्दाची भयंकर चीड यायची. अहो, चोरायला आधी जवळ काही असावं लागतं ना!

वडील बोटीवर असायचे, त्यामुळे घरात आम्ही तिघीच. आई कामाची वाघीण. तिचा उरक मांडवीत सगळ्यांना माहीत होता. ताई बसून करायच्या कामांत मात्र कोणाला हार जायची नाही. फणस फोडला की गरे काढायचं काम तिचं. हाताला खोबरेल चोळून ती असे अलगद गरे काढायची की चिकाचा डाग कुठे दिसायचा नाही. आणि तोंड सतत चालू. शेजारपाजारच्या सगळ्यांच्या नकला करायची. मी हसून हसून आडवी व्हायचे. आज इतक्या वर्षांनी फणसाचा वास आला की मला ताई हवीशी वाटते. नुसती आठवण येत नाही हो, ती समोर पाटावर बसलेली हवी असते.

डॉक्टरांनी लोहाचं टॉनिक दिलं होतं. त्याने दात काळे झाले, दम काही आला नाही.

मी तेव्हा कॉलेजात बी.एस्सी.ला होते. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. एकदा आमच्या सरांनी मायटोकॉन्ड्रिया शिकवायला घेतली. पेशीत ऊर्जा तयार होते ती जागा. तिला दोन पडदे, त्यातला आतला घड्या घातलेला. सर इथलेच, खाडीकाठचे. फळ्यावर त्यांनी आधी खारजमिनीचा बांध काढला आणि त्यात उघाडी, म्हणजे पाणी आतबाहेर करायचं लाकडी दार. म्हणाले, भरतीला बांधाबाहेर पाणी चढतं, आत खाली असतं. अशा वेळी उघाडी उघडलीत तर पाणी कसं मुसंडी मारतं? पेशीतही तसंच. आपण खाल्लेल्या अन्नाच्या जोरावर प्रोटॉन त्या आतल्या पडद्याबाहेर ढकलले जातात. त्यांना परत आत यायचं असतं, पण पडदा त्यांना सोडत नाही. पडद्यात एक प्रथिन बसलेलं असतं, त्याच्यातूनच वाट. त्या वाटेने ते आत घुसतात आणि त्या रेट्यावर ते प्रथिन एटीपी बनवतं. हात उचला, पापणी हलवा, खर्च होतो तो हाच एटीपी.

मी हात वर केला. "सर, ती उघाडीच बिघडलेली असेल तर?"

"तर माणूस पोटभर जेवेल आणि तरी दमेल," सर म्हणाले. फळा पुसता पुसता त्यांनी आणखी एक सांगितलं. ही मायटोकॉन्ड्रिया आपल्याला आईकडूनच मिळते.

संध्याकाळी ताईला घेऊन मी किनाऱ्यावर गेले आणि वाळूत आकृती काढून तिला सगळं सांगितलं. वर हेही सांगितलं की तुला हेच झालंय असं मी म्हणत नाही, तपासल्याशिवाय कोण सांगणार. पण असं होऊ शकतं. तिने वाळूतल्या उघाडीवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "आईला सांगशील? रविवारी पालीहून माणसं येतायत मला बघायला. त्यांच्यासमोर तो शब्द नको गो. लग्न ठरो, मोडो. आईच्या तोंडून तो शब्द नको."

बस्स, एवढंच तिचं मागणं होतं.

मी आईला सांगितलं, रविवारी तो शब्द काढू नकोस हेही. ती तांदूळ निवडत होती. पडदा, प्रथिन, उघाडी, सगळं ऐकून घेतलं. आईकडून येतं म्हटल्यावर मात्र सूप खाली आपटलं. "म्हणजे शेवटी खोट माझीच ना? शिक, शिक. आईचे दोष काढायला कॉलेजात घातलंय तुला." आणि उठून गेली. ताईला काय सांगावं मला कळेना. तिला एवढंच म्हटलं, मी सांगितलं, ऐकलंन तिने, बाकी माहीत नाही.

रविवारी पालीची माणसं आली. मुलगा मुंबईला नोकरीला, मुलीने सासूपाशी राहायचं, शेती आणि गुरं बघायची. ताई पोहे घेऊन आली. मुलाच्या आईने हसत विचारलं, "कामाला कशी आहे?"

ताईने माझ्याकडे बघितलं. आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "माझ्यावर गेलीय."

बाई एकदम खूश. "मग आणखी काय हवं आम्हाला! तुमच्या कामाचं कौतुक पालीपर्यंत आलंय."

ताई आईकडे टक लावून बघत होती. ट्रे तिने हळूच खाली ठेवला. "तसं नाही ते," ती पाहुणीला म्हणाली. "मला दोन कळशांनंतर बसावं लागतं. आईलाही लागत असणार. ती बसत नाही, एवढंच."

आईने नाही म्हटलं नाही. पोहे तसेच राहिले आणि होकार यायचा प्रश्नच उरला नाही. माणसं गेल्यावर आई पडवीत भिंतीला टेकून पाय पसरून बसली. भर दुपारी तिला अशी बसलेली मी कधी बघितली नव्हती. ताई तिचे पाय चेपायला लागली, तेव्हा आई म्हणाली, "मी लहान होते तेव्हापासून पाय कापतायत. सांगणार कोणाला? मला वाटायचं, सगळ्या बायकांचे कापतात."

त्यानंतरची काही वर्षं आमच्या घरात दुपारी दोघी शेजारी शेजारी लवंडायच्या आणि पाणी मी काढायचे. ताईच्या नकला चालायच्या, आई डोळे मिटून हसायची. ते दिवस मला परत द्या, बाकी काही नको. ताईला नक्की काय होतं ते शेवटपर्यंत कोणी तपासलं नाही. पुढे तिला श्वासही जड व्हायला लागला आणि एका पावसाळ्यात ती गेली.

दिवसकार्य उरकल्यावर आईने मला जवळ बोलावलं. मला वाटलं, रडेल. पण तिला काहीतरी विचारायचं होतं, मी शिकलेली म्हणून.

"माझ्यावर गेली होती ना ती?" आई म्हणाली. "मग माझ्याआधी कशी गेली?"