धाक राहू दे

"निऱ्या सोड," वहिनी म्हणाल्या.

वहिनी म्हणजे मालकांची बायको. दादरच्या त्या साड्यांच्या दुकानात आम्ही सात बायका कामाला होतो, सगळ्या त्यांना वहिनीच म्हणायचो. मी अकरा वर्षं तिथे काउंटरला उभी होते. त्या दुपारी मोजणीत एक पैठणी कमी भरली. सकाळी गिऱ्हाइकापुढे ती मीच उलगडली होती, म्हणून मला माळ्यावर बोलावलं. माळा म्हणजे माल ठेवायची जागा, बसकी, मान वाकवूनच उभं राहायचं. माझी पिशवी आधीच उपडी केली होती. डबा, छत्री, पॅडचं पाकीट, मुलीच्या क्लासचं ओळखपत्र. सगळं जमिनीवर.

मी म्हटलं, वहिनी, अख्खी पैठणी निऱ्यांत मावेल का?

त्या अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "गैरसमज करून घेऊ नकोस गं. नियम सगळ्यांना सारखा."

सगळ्यांना नव्हता. मालकांचा मुलगा गल्ल्यावर बसायचा, त्याचा खिसा कधी कुणी चाचपला नाही.

मी निऱ्या सोडल्या. हे सांगताना अजून जीभ अडते. पण सोडल्या. काही सापडलं नाही. पुन्हा नेसून खाली आले. बस्त्याला आलेल्या मंडळींना या, बसा म्हटलं. हसून म्हटलं.

का सोडल्या? घरी नवरा बसून होता. सात महिने झाले होते. वडाळ्याच्या एका छापखान्यात सतरा वर्षं बाइंडिंगला होता. छापखाना भिवंडीला हलला. तरण्या पोरांना बरोबर नेलं, चाळिशी उलटलेल्यांना घरी पाठवलं. त्याच्या हातांना सरस आणि कागदाशिवाय दुसरं काही ठाऊक नव्हतं.

लोक म्हणतात, नोकरी गेली की पैशांची ओढाताण होते. होतेच. पण आमच्या घरातून आधी भरवसा गेला. करी रोडची आमची चाळीतली एक खोली. मी कामावरून यायच्या वेळी तो गॅलरीत उभा राहायला लागला. कोणाबरोबर आलीस, उशीर का, फोन कुणाचा होता. काउंटरच्या बायकांनी नीटनेटकं दिसलं पाहिजे, हा दुकानाचा दंडक. तो म्हणायचा, लिपस्टिक लावायची हौस आत्ताच बरी आली.

मीही काही कमी नव्हते. तो काम शोधायला म्हणून बाहेर पडायचा, मी शेजारणीला विचारायची, किती वाजता गेले, किती वाजता आले. त्याच्या शर्टाचा वास घ्यायची. दारूचा वास कधी आला नाही. तरी दुसऱ्या दिवशी परत घ्यायची. एकदा त्याच्या जुन्या सोबत्याला फोन करून विचारलं, आज हे खरंच तुमच्याकडे आले होते का? त्याला ते कळलं. चार दिवस बोलला नाही.

माळ्यावरचं सगळं मी त्याला त्याच संध्याकाळी सांगितलं. वाटलं, पेटून उठेल. जाब विचारायला जाईल. मुलगी कोपऱ्यात अभ्यास करत होती. त्याने टीव्हीचा आवाज बारीक केला आणि विचारलं, "खरं सांग. घेतलीस का?"

मुलीचं पेन थांबलं.

मी भांडले नाही. ताटं वाढली.

दोन दिवसांनी कपाट उघडलं तर माझ्या साड्यांच्या घड्या बदललेल्या. मी साड्या विकणारी बाई. घडी कुणाच्या हातची आहे ते मला बघितल्याबरोबर कळतं. कडा जुळवून, नखाने दाबून बसवलेली घडी. बाइंडिंगवाल्याची. वहिनींनी निदान तोंडावर सांगून झडती घेतली होती.

त्यानंतरच्या सोमवारी तो इस्त्रीचा शर्ट घालून तयार झाला. मालकांनी त्याला फोन करून काम देऊ केलं होतं. काम काय, तर दुकानाच्या मागच्या दारावर उभं राहायचं आणि बाहेर पडणाऱ्या बायकांच्या पिशव्या तपासायच्या. आधी ते वहिनी करायच्या. आता पुरुष करणार. आणि पुरुष कोण, तर माझा नवरा.

मी म्हटलं, हे काम घेऊ नका. तो म्हणाला, मालक मोठ्या मनाचे आहेत, तुझं प्रकरण पोटात घातलं आणि वर मला कामाला लावलं. मग म्हणाला, "तुझ्या लाजेवर घर चालतं का?"

घर खरंच चालत नव्हतं.

नऊ दिवस त्याने माझी पिशवी उघडली. डब्याचं झाकणसुद्धा. तो माझ्याकडे बघायचा नाही, मी त्याच्याकडे बघायची नाही. बाकीच्या बायका मागे रांगेत उभ्या असायच्या. पहिल्या दिवशी कुणीतरी हसली. नंतर कुणी हसलं नाही.

दहाव्या दिवशी सकाळी सुरेखाने मला पाणी प्यायच्या निमित्ताने बाजूला घेतलं. ती माझ्याच काउंटरची, मालवणची. तिचे डोळे भरलेले. म्हणाली, "साडी तर कधीच गावली गो." मालकांच्या मुलानेच ती एका गिऱ्हाइकाच्या घरी पसंतीला पाठवली होती आणि वहीत लिहायला विसरला होता. माझ्या झडतीनंतर दोनच दिवसांत ती परत आली. खोक्यात भरून माळ्यावर सुरेखानेच ठेवली. पुढे माझा नवरा पहिल्या दिवशी कामाला आला, तेव्हा मालकांनी त्याला हे सांगितलं. सुरेखा तिथेच साड्यांच्या घड्या घालत होती. मालक म्हणाले होते, "तिला इतक्यात सांगू नका. धाक राहू दे."

एवढे दिवस का बोलली नाहीस, असं मी तिला विचारलं नाही. तिच्याही घरी खाणारी तोंडं आहेत.

दिवसभर मी साड्या दाखवल्या. हा रंग तुम्हाला उठून दिसेल, ताई. काठ बघा. तोंड बोलत होतं आणि आत एकच प्रश्न फिरत होता. नऊ दिवस हा माणूस माझ्याशेजारी झोपतोय. त्याला माहीत आहे मी चोर नाही. आणि तरी झाकण उघडून बघतोय.

संध्याकाळी मागच्या दारावर मालक स्वतः उभे होते. म्हणाले, बायको आहे म्हणून सूट नको, उलट तिचीच आधी बघा. नवऱ्याने हात पुढे केला.

लग्नापासून मी त्याला अहो म्हणत आले होते. तेव्हा तोंडातून निघालं, "तुला माहीत होतं?"

तो म्हणाला, "नोकरी गेली असती."

मी पिशवी खांद्याला घट्ट धरली. म्हटलं, ही उघडणार नाही. मालक म्हणाले, मग उद्यापासून यायची गरज नाही. मी म्हटलं, "येईन. साडी तुमच्या मुलाने पाठवली होती, हे या सगळ्या बायकांसमोर बोला. तोपर्यंत रोज येईन."

दुसऱ्या दिवशी गेले. आत घेतलं नाही, म्हणून पुढच्या दाराशी, गिऱ्हाइकं येतात तिथे उभी राहिले. तिसऱ्या दिवशी वहिनी बाहेर आल्या. हातात टाइप केलेला कागद. मी स्वखुशीने नोकरी सोडते आहे, असा. सही केलीस तर चांगल्या वागणुकीचं पत्र देऊ, म्हणाल्या. मी म्हटलं, काढायचं तर काढा, पण का काढलं ते लिहून द्या. त्यांनी लिहून दिलं नाही. मी सही केली नाही.

नवरा अजून त्या दारावर उभा असतो. घरी येतो, जेवतो, भिंतीकडे तोंड करून झोपतो. एकदा म्हणाला, मी तुझा संशय घेतला ते चुकलं, पण बाकी सगळं मी घरासाठी केलं. असेलही. भूक माणसाला काय करायला लावते ते मला कळतं. मीसुद्धा निऱ्या सोडल्याच होत्या. पण मालकांनी आमच्या दोघांच्या मधोमध आपला माणूस उभा केला, आणि तो माणूस माझाच नवरा होता, हे मी पोटात घालणार नाही.

मी कामगार कार्यालयात तक्रार दिली आहे. माळ्यावर काय झालं, ते सगळं लिहिलं. निऱ्यांसकट. तिथल्या बाईंनी विचारलं, साडी सापडल्याचं मालकांनी कबूल केलं, याला साक्षीदार कोण? सुरेखाचं नाव मी घेतलं नाही. ते तिचं तिने ठरवावं. मी नवऱ्याचं पूर्ण नाव लिहून दिलं. खाली नातं विचारलं होतं. तेही लिहिलं.

घरी येऊन त्याला सांगितलं. तो म्हणाला, मी खरं बोललो तर कामावरून काढतील. मी म्हटलं, हो, काढतील.

पुढच्या गुरुवारी तारीख आहे. तो आला तर माझ्या शेजारी बसेल. नाही आला तर ती खुर्ची रिकामी राहील, आणि ती कुणाची आहे हे मी मोठ्याने सांगेन.