गुंडूचा टॉवेल कुठे धरायचा

सहा आठवडे मी माझ्या कुत्र्याच्या कॅन्सरला तिळाचं तेल चोळत होतो.

गुंडू अकरा वर्षांचा. मागच्या उजव्या पायाने लंगडायला लागला, तेव्हा मी घरबसल्या निदान करून टाकलं: संधिवात. मलाही आहे, त्यामुळे जरा आपुलकीच वाटली. पायाला सूज दिसली तेव्हा कुठे एक्स-रे काढला. डॉक्टर म्हणाल्या, "ऑस्टिओसार्कोमा." म्हणजे हाडाचा कॅन्सर. फुप्फुसं अजून स्वच्छ आहेत, पण पाय काढावा लागेल.

मी चाचरत तेलाचं विचारलं.

"तेलाने काही बिघडलं नाही. सहा आठवड्यांनी बिघडलं."

पाय काढला. दोन दिवसांनी त्याला घरी न्यायला गेलो, तेव्हा नर्सने टॉवेलची झोळी समजावून सांगितली. तीन पायांवर तोल सावरता येईपर्यंत पोटाखालून टॉवेल घालायचा, दोन्ही टोकं वर धरायची आणि मागच्या भागाचं ओझं आपण घ्यायचं. मगच त्याला शी-शू जमते. त्या वेळी माझ्या कानातल्या इयरफोनवर ऑफिसची मीटिंग चालू होती. मी मान डोलावत होतो. नर्ससाठी की मॅनेजरसाठी, देव जाणे.

जयनगरला आम्ही पहिल्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. सव्वीस किलोंचा गुंडू उचलून खाली आणला, टॉवेल घातला, नेहमीच्या झाडापाशी उभा केला. काही नाही. तो उजवाच पाय वर करायचा. आता तो कायमचाच वर गेला, म्हणजे काम सोपं झालं असेल, असा विनोद मी बायकोला ऐकवला. ती हसली नाही.

रात्र तशीच गेली. सकाळी पुन्हा काही नाही. मी टॉवेल आणखी वर ओढला आणि ओरडलो, "नाटकं पुरे हं!" त्याने कान पाडले आणि माझाच हात चाटला. नंतर चहाचा कप धरताना त्या हाताची मला लाज वाटत होती.

डॉक्टरांना फोन केला. "युरिनरी रिटेन्शन असू शकेल," त्या म्हणाल्या. म्हणजे लघवी तुंबणं. वेदनेच्या औषधांनीही होतं. "पाचपर्यंत झाली नाही तर घेऊन या. कॅथेटर घालू." म्हणजे नळी. फार तुंबली तर मूत्राशयाला धोका. आधीच पाय गेलेला, त्यात हे. आणि दोन्हींच्या मुळाशी मीच, असं मन सारखं सांगत होतं.

चार वाजता शेवटचा प्रयत्न म्हणून त्याला खाली आणला. आमच्या कानडी घरमालकीण सावित्रीअक्का पायरीवर पावटे सोलत बसल्या होत्या. थोडा वेळ त्यांनी बघितलं.

"तम्मा, टॉवेल कुठं धरलायस, बघितलंस काय?"

मी वाकून बघितलं. जिथून शू यायची, बरोब्बर तिथेच टॉवेल करकचून आवळलेला. कालपासून मी तिथे दाबून धरत होतो आणि वर 'कर, कर' म्हणत होतो.

"स्वल्प पुढं घे, बरगड्यांकडं. आणि एवढं ओढू नको. लटकलाय की रे तो!"

तुमच्याकडे नर असेल तर एवढं लक्षात ठेवा: टॉवेल अरुंद घडी करून पुढे घ्या, ती जागा मोकळी ठेवा, पाय जमिनीला टेकू द्या. आणि कोणी दाखवत असेल तेव्हा कानातलं काढा.

टॉवेल पुढे सरकवला. गुंडू थोडा डगमगला, सावरला, आणि सुरू झाला. संपेचना. मी टॉवेल धरूनच खाली बसलो, त्याच्या तोंडाकडे बघत म्हणत राहिलो, "चुकलं रे माझं. तेलाचं चुकलं, ओरडलो ते चुकलं..." तो मध्येच थांबला आणि माझ्याकडे बघायला लागला.

"अरे, तुझी माफी राहू दे नंतर," अक्का पावटे बाजूला ठेवून म्हणाल्या. "आधी तोंड तिकडं फिरव. त्याला तरी लाज आहे."