राबातली माती

"मॅडम, चाळ भरली काय वो?"

"भरली हिरामण. एकेका खोलीत दहा-दहा."

"म्हंजे आपल्या लूमवाल्यांसारखी. निम्मे ड्युटीला, निम्मे आडवे."

मायक्रोस्कोपवरचा डोळा न काढता माजिदा मॅडम हसल्या. त्या भिवंडीच्या कॉलेजात शिकवायच्या, हिरामण त्यांच्या प्रयोगशाळेतला शिपाई. दोन काचपट्ट्यांत केसाएवढ्या फटी ठेवायच्या, त्यांत माती भरून ओल राखायची आणि आतले जंतू कसे नांदतात ते बघायचं, हे मॅडमचं काम. हिरामण त्याला चाळ म्हणे.

ही माती त्याच्या वळ गावातल्या शेतातली. शेजारी कापड रंगवायचं डाईंग आलं तसा नाला एक दिवस लाल, एक दिवस निळा. दोन सालं भात फसलं. घरच्या बियाण्याची शेवटची कणगी उरलेली. बायको हौसा म्हणाली, "माती जित्ती का मेली, तुज्या मॅडमला इचार. मेली असंल तं बियानं पेरायचं न्हाय."

चाळ भरली म्हणताच कणगी फोडली. राबात रोपं तरारली. लावणी केली, आणि महिन्यात खाचरं पिवळी पडली. उपटून बघावं तर मुळं काळी, कुजलेली.

मॅडमनी विचारलं, "माती कुठली आणली होतीस?"

"राबातली."

"म्हणजे बांधावर पालापाचोळा जाळून रोपं करता, तिथली?"

"हां. पावण्यापुढं कोन कोंडा वाढतं काय? चांगलीच आनली."

मॅडमच्या ध्यानात आलं. राब उंचावर, नाल्याचं पाणी तिथं चढतच नव्हतं. मग हिरामणनं खाचरातली माती आणली. नवी चाळ लावली. पंधरा दिवस रोज ओल राखली. सोळाव्या दिवशी मॅडम बाजूला सरकल्या, "बघ."

त्यानं डोळा लावला. फटी दिसल्या, मातीचे कण दिसले. हलणारं काही नाही.

"भाडोत्री न्हाय."

"चूक माझी. आधीच विचारायला हवं होतं."

"इचारलं असतं तरी मी राबातलीच देली असती." त्यानं डोळा काढला. "आमचं बियानं गेलं, मॅडम. आजाच्या हातचं व्हतं."

तासाची घंटा झाली, पोरींचा घोळका दारात आला. हिरामणनं पट्ट्या सोडवल्या, आतली माती बादलीत झटकली आणि ब्रश घेऊन नळाखाली काचा घासायला लागला. पुढच्या तासाला कोऱ्या लागणार होत्या.